ऑफिससाठी अँटीव्हायरस: काय करावे, काय टाळावे

सीएचे ऑफिस, पतसंस्थेची शाखा, वकिलांचे चेंबर, छापखाना, शाळेचे कार्यालय. पाच ते पंचवीस कॉम्प्युटर, एक सर्व्हर किंवा सर्व्हर म्हणून कोपऱ्यात चालू ठेवलेला जुना पीसी, आणि अडचण आली की फोन करून बोलावण्याजोगा एक कॉम्प्युटरवाला. वेगळा आयटी विभाग नाही. ही यादी अशा ऑफिसांसाठी आहे.

‘सगळ्यात चांगला अँटीव्हायरस कोणता?’ या प्रश्नाला इथे एका नावाचे उत्तर मिळणार नाही. नामांकित कंपन्यांच्या उत्पादनांत व्हायरस पकडण्याच्या बाबतीत आता फारसे अंतर उरलेले नाही. अंतर पडते ते दोन ठिकाणी: तुमच्या मशीनवर ते कसे चालते, आणि त्याने दिलेला इशारा ऑफिसात कोण वाचतो.

खरेदीच्या आधी

करावे: मशीनची यादी. प्रत्येक कॉम्प्युटरसमोर चार गोष्टी लिहा. विंडोज कोणते, रॅम किती, हार्ड डिस्क की एसएसडी, आणि त्यावर कोण बसते. घरून काम करणाऱ्यांचे लॅपटॉप आणि खुद्द साहेबांचा लॅपटॉप या यादीतून हमखास सुटतात, आणि ऑफिसच्या नेटवर्कला तेही जोडले जातात. चार जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर वेगळी खूण करा. कोणताही अँटीव्हायरस रखडणार तो तिथेच. पुष्कळदा तीन वर्षांचे महागडे लायसन्स घेण्याआधी त्या मशीनला एसएसडी बसवणे जास्त शहाणपणाचे ठरते.

करावे: विंडोजची मुदत तपासणे. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज १० ला पैसे भरून काही काळ मुदतवाढ घेता येते, पण ती मुद्दाम घ्यावी लागते, आपोआप मिळत नाही. मुदत संपलेल्या विंडोजवर अँटीव्हायरस चालेल, हिरवी खूणही दाखवेल. विंडोजमधली भोके मात्र तो बुजवू शकत नाही.

टाळावे: ‘अँटीव्हायरस आहे ना’ म्हणून विंडोज अपडेट बंद करणे. नेट खाते, ऐन कामात रीस्टार्ट मागते, म्हणून कोणीतरी ते बंद करून ठेवते आणि पुढे वर्षभर ते तसेच राहते. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या भोकातून तो शिरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. अडकले त्यांतल्या बहुतेकांनी ती मधल्या दोन महिन्यांत बसवली नव्हती.

करावे: विंडोजमध्ये आधीच असलेल्या डिफेंडरचा विचार. विकणारा हे सांगणार नाही, म्हणून इथे सांगतो. विंडोज १० आणि ११ सोबत येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर पूर्ण अँटीव्हायरस आहे आणि स्वतंत्र चाचण्यांत तो पैसे देऊन घेतलेल्या उत्पादनांच्या बरोबरीने उभा राहतो. तीन-चार मशीनचे ऑफिस असेल, विंडोज अस्सल असेल, अपडेट चालू असतील आणि बॅकअप नियमित होत असेल, तर वेगळा अँटीव्हायरस घेण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त त्यातली ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ची सोय चालू आहे ना ते बघा, म्हणजे एखादे घुसखोर सॉफ्टवेअर डिफेंडरलाच झोपवू शकणार नाही. फोल्डरांना कुलूप घालणारी ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ची सोयही आहे, पण ती चालू केल्यावर तुमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला आत लिहिण्याची परवानगी हाताने द्यावी लागते. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी ‘एंट्री सेव्ह होत नाही’ म्हणून ओरड सुरू.

मशीन वाढली की डिफेंडरची खरी उणीव दिसते. सगळ्यांवर एका जागेवरून नजर ठेवता येत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचेच ‘डिफेंडर फॉर बिझनेस’ पैसे देऊन मिळते, ३०० वापरकर्त्यांपर्यंतच्या संस्थांसाठी. तेव्हा तुलना त्याची आणि इतर कंपन्यांच्या बिझनेस आवृत्त्यांची करावी.

टाळावे: एका मशीनवर दोन अँटीव्हायरस. दुप्पट संरक्षण मिळत नाही. दोघे एकमेकांच्या फायली संशयित धरतात आणि मशीन बसते. दुसरा अँटीव्हायरस बसला की साध्या विंडोजवर डिफेंडर आपणहून बाजूला होतो, विंडोज सर्व्हरवर मात्र तो तसा होत नाही. तिथे तपासून हाताने बंद करावा लागतो.

टाळावे: मोफत आवृत्ती ऑफिसात. बहुतेक मोफत अँटीव्हायरसचा करार ‘वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापरासाठी’ असे स्पष्ट म्हणतो, म्हणजे ऑफिसात तो वापरणे हा करारभंग. शिवाय फुकटची किंमत दुसरीकडून वसूल होऊ शकते. ‘अव्हास्ट’ने आपल्या ग्राहकांची ब्राउझिंगची माहिती ‘जंपशॉट’ या आपल्याच उपकंपनीमार्फत विकल्याचे प्रकरण उघड झाले, २०२० मध्ये जंपशॉट बंद करावी लागली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. वापरकर्त्याला वाटत होते, हे सॉफ्टवेअर आपल्या मागे लागणाऱ्यांना रोखते आहे.

निवडताना

करावे: स्वतंत्र प्रयोगशाळांचे निकाल वाचणे. जर्मनीतली ‘एव्ही-टेस्ट’, ऑस्ट्रियातली ‘एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज’ आणि लंडनची ‘एसई लॅब्ज’ नियमित चाचण्या घेतात, आणि निकाल नेटवर फुकट वाचता येतात. एव्ही-टेस्ट तीन विषयांत प्रत्येकी सहा गुण देते: संरक्षण, मशीनवरचा भार आणि वापरातला त्रास. खोटा गजर, म्हणजे चांगल्या फायलीला व्हायरस ठरवणे, हा या तिसऱ्या विषयातला मुख्य भाग. ऑफिससाठी दुसरा आणि तिसरा विषय पहिल्याइतकाच महत्त्वाचा, कारण पहिल्यात बहुतेकांना पाच-सहा गुण मिळालेलेच असतात. घरगुती आणि बिझनेस आवृत्त्यांचे निकाल वेगळे असतात, बिझनेसचे बघा. आणि एका महिन्याच्या निकालावर जाऊ नका, लागोपाठ तीन-चार फेऱ्यांत कोण टिकले ते बघा.

टाळावे: कंपनीच्या जाहिरातीतला ‘नंबर एक’, युट्यूबवरचा ‘टॉप टेन’, आणि ज्या यादीखाली खरेदीची लिंक आहे अशी कोणतीही यादी.

करावे: पाचापेक्षा जास्त मशीन असतील तर मध्यवर्ती कन्सोल असलेली आवृत्तीच घेणे. या यादीतला एकच सल्ला लक्षात ठेवायचा म्हटले तर मी हा निवडीन. कन्सोल म्हणजे एक पान, ज्यावर सगळी मशीन दिसतात. कोणाचे अपडेट अडकले आहे, कोणी संरक्षण बंद केले आहे, कोणत्या मशीनवर तोच व्हायरस तिसऱ्यांदा सापडतो आहे, सगळे तिथे. कन्सोल नसेल तर इशारा येतो तो टायपिस्टच्या पडद्यावर, उजव्या कोपऱ्यात, आणि टायपिस्ट तो बंद करून पुढचे पत्र घेतो. त्याचा दोष नाही. त्याला तसे कोणी सांगितलेलेच नसते.

पूर्वी या कन्सोलसाठी ऑफिसात वेगळा सर्व्हर लागायचा. आता तो क्लाउडवर मिळतो, मोबाइलवरही उघडतो. लॅपटॉप घरी गेला तरी कन्सोलमध्ये दिसत राहतो, हा त्याचा मोठा फायदा. ज्या ऑफिसांत काही मशीनना मुद्दाम नेट दिलेले नाही, तिथे मात्र ऑफिसातल्याच एका मशीनवरून बाकीच्यांना अपडेट वाटण्याची सोय आहे का, हे आधी विचारून घ्या.

करावे: पेन ड्राइव्हवरचे नियंत्रण बघणे. जिल्ह्याच्या गावात ऑफिसचा पेन ड्राइव्ह दिवसातून एकदा तरी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन येतो आणि येताना ‘शॉर्टकट व्हायरस’ घेऊन येतो. फोल्डर गायब, त्याच नावाचे शॉर्टकट हजर. बिझनेस आवृत्त्यांत ठरावीक पेन ड्राइव्हच चालू द्यायचे किंवा नुसते वाचू द्यायचे अशी सोय असते. पण इथे एक मेख आहे. डिजिटल सहीचे टोकनही यूएसबीलाच लागते. जीएसटी, कंपनी कायद्याचे फॉर्म, ई-निविदा ही सगळी कामे त्यावर. खरेदीआधी टोकन लावून सही उमटते का ते बघाच, कारण टोकन चालले तरी सहीचे सॉफ्टवेअर आणि ब्राउझर यांच्यातले बोलणे अँटीव्हायरसचे वेब-संरक्षण अडवू शकते.

टाळावे: ‘रिटर्न भरताना अँटीव्हायरस बंद ठेवा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला. बंद केलेला पुन्हा चालू करायची आठवण कोणाला राहत नाही, आणि रिटर्नच्या तारखा दर महिन्याला येतात. अडणाऱ्या त्या एका सॉफ्टवेअरला सूट द्या. तशी सूट देता येत नसेल तर ते उत्पादन तुमच्या कामाचे नाही.

करावे: फुकट चाचणीचे दिवस पुरेपूर वापरणे. बहुतेक कंपन्या महिनाभर वापरून बघू देतात. ते दिवस मालकाच्या नव्या लॅपटॉपवर घालवू नयेत. यादीत खूण केलेल्या सर्वांत मंद मशीनवर आणि सर्व्हरवर बसवा, आणि काळ निवडा तो कामाच्या गर्दीचा: जीएसटी रिटर्नच्या २० तारखेच्या आसपास किंवा पगारपत्रकाच्या आठवड्यात. सकाळी मशीन चालू होऊन कामाला लागेपर्यंत किती वेळ जातो, टॅली उघडायला किती, सर्व्हरवरची मोठी फाइल उघडायला किती, हे आधी आणि नंतर घड्याळ लावून मोजा. ‘जरा स्लो वाटतंय’ हे मोजमाप नव्हे.

याच काळात जुनी सॉफ्टवेअर एकदा तरी चालवून बघा. गावातल्याच कोणी प्रोग्रामरने वीस वर्षांपूर्वी लिहून दिलेले पतसंस्थेचे पॅकेज, डोंगलवर चालणारे मराठी टंकांचे सॉफ्टवेअर, शाळेची पगाराची मॅक्रो असलेली एक्सेल शीट. अशा गोष्टी प्रयोगशाळेच्या चाचणीत नसतात. जगात त्यांचे वापरकर्ते मोजके असल्याने अँटीव्हायरसला त्या अनोळखी वाटतात आणि कधीकधी तो त्या उचलून बाजूला ठेवतो.

करावे: रॅन्समवेअरसाठी नेमके काय आहे ते विचारणे. ओळखीच्या व्हायरसची यादी जुळवून पकडणे एवढ्याने आता भागत नाही. एखादा प्रोग्राम अचानक शेकडो फायली भराभर बदलू लागला तर त्याला थांबवणे, म्हणजे वागणुकीवरून ओळखणे, हे हवे. काही उत्पादने बदललेल्या फायली मागे फिरवूनही देतात. विक्रेत्याला हे एका चाचणी मशीनवर दाखवायला सांगा. दाखवता आले नाही तर माहितीपत्रकातल्या त्या ओळीचे वजन तेवढेच धरा.

टाळावे: सोयींच्या लांबलचक यादीला भुलणे. व्हीपीएन, मशीन ‘ट्यून-अप’, मुलांवर नजर, डार्क वेबवर लक्ष. यांतले बहुतेक ऑफिसात कोणी उघडतही नाही. मशीनवर भार मात्र पडतो.

करावे: कंपनी कुठली आणि मदत कोण करणार, हे बघणे. महाराष्ट्राला इथे घरचे पर्याय आहेत. ‘क्विक हील’ पुण्याची, आणि तिची मोठ्या वापराची उत्पादने ‘सेक्राइट’ या नावाने मिळतात. ‘नेट प्रोटेक्टर’ही पुण्याचा. ‘ई-स्कॅन’ मुंबईच्या मायक्रोवर्ल्डचा, ‘के-सेव्हन’ चेन्नईचा. आपल्याकडची म्हणून डोळे मिटून घ्यावीत असे नाही. वरच्या सगळ्या कसोट्या त्यांनाही लावाव्यात. पण फोन केल्यावर मराठीत बोलणारा माणूस मिळणे आणि तालुक्याच्या गावापर्यंत डीलर असणे, याला छोट्या ऑफिसात खरी किंमत आहे. घेण्याआधी मदत क्रमांकावर एकदा फोन लावून बघा, शक्यतो शनिवारी दुपारी.

सरकारी किंवा परदेशी ग्राहकांची कामे करणाऱ्यांनी त्या ग्राहकाची काही अट आहे का, तेही विचारावे. अमेरिकेने २०२४ मध्ये मूळच्या रशियन ‘कॅस्परस्की’च्या विक्रीवर बंदी घातली, आणि त्या सप्टेंबरात तिथल्या अनेक ग्राहकांच्या मशीनवर त्याच्या जागी ‘अल्ट्राएव्ही’ नावाचा दुसराच अँटीव्हायरस आपोआप येऊन बसला. काहींनी त्याचे नाव त्याआधी ऐकलेही नव्हते.

पैसे देताना

करावे: लायसन्स ऑफिसच्या ईमेलवर नोंदवणे. डीलरच्या नाही, कॉम्प्युटरवाल्याच्या नाही, नोकरी सोडून जाणाऱ्या क्लार्कच्या तर मुळीच नाही. कन्सोलचा मुख्य पासवर्ड ज्याच्याकडे, ऑफिस त्याच्या ताब्यात. डीलरशी बिनसले तर दुसऱ्या दिवशी काय होईल, याचा विचार करून ठेवा.

करावे: जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल, आणि बिलावर उत्पादनाचे पूर्ण नाव, मशीनची संख्या, सर्व्हर धरला आहे की नाही, व मुदत. घरगुती आवृत्ती बहुधा विंडोज सर्व्हरवर बसतच नाही. हे पैसे देऊन झाल्यावर कळते.

करावे: सगळ्या मशीनची मुदत एकाच दिवशी संपेल अशी खरेदी. मध्येच दोन मशीन वाढली तर त्यांचे लायसन्स मूळ तारखेपर्यंतचेच मागा. नाहीतर वर्षात सात वेळा सात तारखा सांभाळत बसावे लागते, आणि एक तरी चुकते. तारीख ३१ मार्चच्या आसपास येऊ देऊ नका. त्या आठवड्यात कोणालाही वेळ नसतो.

टाळावे: तीनशे रुपयांत मिळणारी ‘ओरिजिनल की’. ऑनलाइन बाजारात अशा किल्ल्या ढिगाने असतात. कुणाच्या तरी मोठ्या लायसन्समधून फोडलेल्या, दुसऱ्या देशासाठीच्या, किंवा एकदा वापरून झालेल्या. कंपनीने ती बंद केली की तक्रार कोणाकडे करणार?

टाळावे: पहिल्याच खेपेला तीन वर्षांचे लायसन्स. सूट मोठी दिसते. पण जे उत्पादन तुम्ही वर्षभर वापरलेले नाही त्याच्याशी तीन वर्षे बांधून घेण्यात अर्थ नाही. दुसऱ्या खेपेला घ्या.

टाळावे: रिन्यूअलच्या ईमेलमधल्या क्रमांकावर फोन. ‘आपल्या अँटीव्हायरसचे इतके हजार रुपये कापले जात आहेत, रद्द करायचे असल्यास या नंबरवर संपर्क साधा’ अशा बनावट पावत्या नामांकित कंपन्यांच्या नावाने सर्रास येतात. फोन लावला की ते कॉम्प्युटरचा ताबा मागतात. ब्राउझरमध्ये अचानक उघडणारे ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस आहेत’ हे पानही त्यातलेच.

बसवताना

करावे: जुना अँटीव्हायरस आधी पूर्ण काढणे. नव्या लॅपटॉपसोबत आलेली फुकट चाचणीची आवृत्तीही त्यात आली. अनेक कंपन्या आपले उत्पादन मुळासकट काढण्याचे वेगळे साधन देतात. ते वापरा.

करावे: कर्मचाऱ्यांना विंडोजमध्ये साधे खाते देणे, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे नाही. आणि अँटीव्हायरस काढायला किंवा बंद करायला पासवर्ड लावणे. यावर ऑफिसात थोडी कुरकुर होते. होऊ द्यावी.

टाळावे: सगळा डी ड्राइव्ह तपासणीतून वगळणे. टॅली जड चालते अशी तक्रार आली की कॉम्प्युटरवाला हा सोपा उपाय करून निघून जातो. डेटाचे ते एक फोल्डर वगळणे ठीक. संपूर्ण ड्राइव्ह वगळला की तिथे काहीही लपू शकते.

विश्वासातल्या सॉफ्टवेअरलाही सरसकट सूट देऊ नये, याचे कारण ‘नॉटपेट्या’ने दाखवले. २७ जून २०१७ चा हा हल्ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला. ज्या सॉफ्टवेअरवर तिथली ऑफिसे कर भरण्यासाठी विसंबून होती, त्याच्याच दारातून. तिथून तो जहाज कंपनी ‘मर्स्क’पर्यंत पोहोचला, आणि न्हावा-शेवा बंदरातले मर्स्क समूहाकडे असलेले टर्मिनलही ठप्प झाले. कंटेनर अडकले ते उरणला. भोक होते युक्रेनमध्ये.

टाळावे: क्रॅक केलेली सॉफ्टवेअर. क्रॅकसोबतच्या सूचनेत पहिली ओळ असते: ‘आधी अँटीव्हायरस बंद करा.’ छापखान्यात आणि डीटीपीच्या दुकानात हे वर्षानुवर्षे चालत आले आहे. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाने ओळखले जाणारे रॅन्समवेअर मुख्यतः अशाच क्रॅकमधून पसरले. डिझाइनच्या सॉफ्टवेअरचे पैसे वाचवायचे आणि मग त्याच मशीनसाठी महागडा अँटीव्हायरस घ्यायचा, हा व्यवहार मला कधीच कळलेला नाही.

करावे: सापडलेली फाइल पुसून न टाकता ‘क्वारंटाइन’मध्ये ठेवण्याची मांडणी. खोटा गजर निघाला तर परत आणता येते.

करावे: बसवल्यावर इकार चाचणी. ‘इकार’ ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी ओळ आहे. जगातले अँटीव्हायरस ती ठरवून व्हायरस म्हणून पकडतात. ती असलेली फाइल एका मशीनवर उतरवा. मशीनने पकडली का, आणि कन्सोलवर इशारा आला का, दोन्ही बघा. पहिले होते आणि दुसरे होत नाही, असे बरेचदा निघते.

टाळावे: बसवून देणाऱ्याने दूरवरून मशीन हाताळण्यासाठी ठेवलेला कायमचा पासवर्ड. लागेल तेव्हा परवानगी द्या, काम झाले की बंद करा.

बसवल्यावर

करावे: एका माणसाचे नाव ठरवणे. ‘सगळे बघतील’ म्हणजे कोणी बघणार नाही. दर सोमवारी दहा मिनिटे कन्सोल उघडायचा आणि तीन गोष्टी बघायच्या. आठवडाभर न दिसलेली मशीन, अपडेट अडकलेली मशीन, आणि पुन्हा पुन्हा सापडणारा तोच व्हायरस. तिसरी सर्वांत महत्त्वाची. एका टेबलावर दर आठवड्याला काही सापडत असेल तर प्रश्न त्या टेबलाच्या पेन ड्राइव्हचा किंवा ईमेलचा आहे, आणि तो माणसाशी बोलून सुटतो. हा माणूस रजेवर असेल तेव्हा कोण, तेही ठरवा.

करावे: अँटीव्हायरसच चुकू शकतो हे धरून चालणे. २१ एप्रिल २०१० रोजी ‘मॅकॅफी’च्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक आवश्यक फाइल व्हायरस ठरवली, आणि मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिली. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’च्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर थांबवली, विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. पण म्हणून अपडेट बंद करायचे नाहीत. सोय असेल तर नव्या आवृत्तीचे मोठे अपडेट आधी दोन मशीनवर घ्या, मग बाकीच्यांवर. आणि डिस्कला विंडोजचे ‘बिटलॉकर’ कुलूप लावलेले असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. क्राउडस्ट्राइकच्या वेळी ती हाताशी नसलेल्यांचे हाल जास्त झाले.

करावे: बॅकअप, आणि तो सुटा. कायम जोडून ठेवलेली बाहेरची डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. रॅन्समवेअर तीही कुलूपबंद करते. दोन डिस्क घ्या, आलटून पालटून लावा, एक नेहमी ऑफिसबाहेर. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल परत आणून उघडून बघा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला तेव्हा संगणकीय सेवा पूर्ववत व्हायला दोन आठवड्यांच्या आसपास गेले आणि रुग्णांच्या नोंदी हाताने लिहाव्या लागल्या. तुमच्या ऑफिसला किती दिवस हाताने काम करता येईल, हा प्रश्न लायसन्सच्या किमतीआधी विचारायचा.

टाळावे: अँटीव्हायरस म्हणजे सगळी सुरक्षा असे समजणे, विशेषतः पतसंस्था आणि बँकांनी. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले ते एटीएम व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेवरच्या हल्ल्यातून. क्लार्कच्या टेबलावरच्या अँटीव्हायरसची ती कक्षाच नव्हती. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेची सायबर सुरक्षेची वेगळी चौकट आहे. तिथे या यादीवर विसंबू नये.

लागण झालीच तर

करावे: लॅनची वायर काढणे, वायफाय बंद करणे. मशीन एकदम बंद करू नका, पुरावा जातो. पडद्याचा मोबाइलवर फोटो घ्या. बॅकअपची डिस्क त्या मशीनजवळही नेऊ नका.

करावे: कळवणे. पैसे गेले असतील तर आधी बँक आणि सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक १९३०, मग बाकी सगळे. केंद्राच्या ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवा पुरवठादार आणि सरकारी संस्थांनी ठरावीक प्रकारचे सायबर हल्ले सहा तासांत कळवायचे असतात. सर्ट-इनचा ईमेल पत्ता आणि फोन आजच कागदावर लिहून भिंतीवर चिकटवा. हल्ल्याच्या दिवशी नेट बंद असेल. साध्या बॉट-लागणीसाठी त्याच संस्थेच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची साफसफाईची साधने फुकट आहेत.

टाळावे: लगेच फॉरमॅट मारणे. कॉम्प्युटरवाल्याचा हात तिकडेच जातो, कारण त्याला ते सोपे. लागण कुठून झाली हे कळायच्या आत तीच मशीन पुन्हा नेटवर्कला लागते.

टाळावे: खंडणी भरण्याची घाई. पैसे देऊन किल्ली मिळेलच याची हमी कोणी देत नाही. युरोपोल आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांसोबत २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या ठिकाणी अनेक प्रकारच्या रॅन्समवेअरच्या किल्ल्या फुकट मिळतात. तिथे तुमचा प्रकार आज सापडला नाही तरी कुलूपबंद फायली पुसू नका, एका वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा. काही प्रकारांच्या किल्ल्या हल्ल्यानंतर महिन्यांनी, काहींच्या वर्षांनी बाहेर आल्या आहेत.